लाल चिमटा आणि एक थेंब तेल

मी पंखा बोलतोय. वर बघू नका. छताला लटकतात ते आमचे थोरले. मी तळहाताएवढा, काळा, सात पात्यांचा. माझा जन्म कारखान्यातला, पण आयुष्य गेलं ते एका व्हिडिओ एडिटरने घरीच जुळवलेल्या कॉम्प्युटरच्या पोटात.

तिथे प्रोसेसर होता, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. त्याच्यावर पातळ पत्र्यांचा गठ्ठा आणि गठ्ठ्याला टेकून मी. मेंदूने तापायचं, पत्र्यांनी तो ताप वर ओढायचा आणि मी हाकलून द्यायचा, अशी आमची वाटणी.

एडिटर त्या प्रोसेसरला कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायचा. याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. मी त्याला घोड्याला टाच मारणं म्हणतो. वेग थोडा वाढवायचा, ताप बघायचा, वहीत लिहायचा. ‘७१ अंश. ७९. ९४, बंद पडला. परत मागे.’ तीन आठवडे हेच चाललं होतं.

“पोरं आजारी होती तेव्हा कधी एवढा ताप लिहून ठेवला नाहीत,” त्याची बायको म्हणाली.

“पोरं अशी मधेच बंद पडत नव्हती गं.”

एडिटरच्या चित्रफितींना आवाज बायकोचाच असे. रेकॉर्डिंगची खोली तीच, माईकही माझ्यापासून दोन हातांवर. वयानुसार मला घरघर लागली, ती तिच्या आवाजात मिसळू लागली. मग एडिटरने बाहेर एक बटण बसवलं. डावीकडे फिरवलं की मी अगदी हळू, मुकाट; उजवीकडे फिरवलं की पूर्ण जोरात. शिवाय नियम केला: मला गप्प करेल त्याने बटणावर कपड्यांचा लाल चिमटा लावायचा. चिमटा दिसला की कॉम्प्युटरला जड काम द्यायचं नाही. दोन वर्षं हा नियम कुणी मोडला नाही.

बायकोचे वडील, अप्पा, घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांची नजर अधू होत चालली होती. मी सांगतोय त्या दिवसाच्या दुसऱ्या सकाळी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, प्रयत्न करू, शब्द देत नाही. दवाखान्यात आदल्या संध्याकाळीच दाखल व्हायचं, घरून पाचला निघायचं. त्याआधी अप्पांना त्यांच्या दुकानावरची वीस मिनिटांची चित्रफीत दाखवायची, असं या दोघांनी ठरवलं होतं. दुकान त्यांना पुन्हा दिसेल की नाही, कुणाला ठाऊक!

दुपारी दोनला बायकोने मला गप्प केलं, चिमटा लावला आणि शेवटची चार वाक्यं रेकॉर्ड केली. खिडकीतून रस्त्याचा गोंगाट येत होता म्हणून तिने चादर लावली. चादर घसरू लागली तसा हाताशी होता तो चिमटा काढून पडद्याच्या दांडीला लावला आणि वाचून झाल्यावर चहा टाकायला गेली.

एडिटर आला. बटणावर चिमटा नाही. त्याने निर्धास्तपणे चित्रफीत तयार करायला लावली.

मी मुकाटच फिरत होतो. मला ओरडता येत नाही हो. पत्रे तापले, माझी पाती तापली, आणि काम संपत आलेलं असताना स्क्रीन काळी झाली.

“अहो, बटण डावीकडेच आहे!”

“मग चिमटा कुठाय?”

दोघांनी एकदमच खिडकीकडे पाहिलं.

साडेतीन वाजले होते. टाच मारली तर पन्नास मिनिटं, साध्या वेगाने दीड तास. दीड तास म्हणजे अप्पा न बघताच जाणार. एडिटरने मला पूर्ण जोरात सोडलं. पण त्या तापाने माझ्या कण्यातलं उरलंसुरलं तेल आटलं होतं. मी खडखडलो आणि अडलो.

अप्पा बॅग भरून बाहेर बसले होते. ते भिंतीला हात लावत आत आले.

“जावईबापू, कोण रडतंय ते? कोरडं पडलंय. काढा बाहेर.”

एडिटरने मला सोडवून त्यांच्या हातात दिलं. अप्पांनी नखाने माझ्या पाठीवरचं लेबल उचललं, खिशातून तेलाची बारीक कुपी काढली, सुईच्या टोकावर थेंब घेतला. डोळे त्यांनी मिटूनच घेतले होते.

“अप्पा, मी धरू का हात?”

“चाळीस वर्षं कुणी धरला होता गं?”

थेंब नेमका कण्यात उतरला. मी फिरलो तेव्हा माझा मलाच आवाज आला नाही.

चार पंचवीसला चित्रफीत तयार झाली. अप्पा नाक स्क्रीनला टेकेल इतके जवळ बसले. संपल्यावर म्हणाले, “हातोडी उगाच डाव्या बाजूला ठेवायचो मी.” मग उठले आणि बॅग उचलली.

ऑपरेशननंतर अप्पांच्या एका डोळ्याला उजेड-अंधार कळतो, एवढंच हाती लागलं.

आता त्या कॉम्प्युटरला पाण्याने थंड करणारी नवी यंत्रणा बसवली आहे. मी अप्पांच्या टेबलावर असतो, जुन्या अडॅप्टरवर चालतो. दर सहा महिन्यांनी अप्पा चाचपडत मला एक थेंब घालतात. एडिटरचं बटण आता नव्या यंत्रणेच्या पंख्यांना जोडलंय आणि त्यावरचा चिमटा दोरीने बांधून ठेवलेला आहे.

तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणीतरी घरघरत असेल. कामापुरतं गप्प करा, राग नाही. पण गप्प केल्याची खूण तेवढी हलवू नका.

एवढंच सांगायचं होतं. अप्पा उठलेत. रोज सकाळी ते विचारतात, “काय म्हणतंय माझं शेवटचं घड्याळ?” आणि माझ्यासमोर तळहात धरतात.