पासिंगचा काळा रंग

गाडी आरटीओच्या पासिंगला न्यायच्या आदल्या दिवशी ट्रकच्या चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, काळा रंग मारायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. आतला गंज तसाच राहतो आणि गाडी वरून नवी दिसते. तानाजीही दरवर्षी हेच करायचा. त्याचा एकच ट्रक होता. कळव्याच्या नामा कोळ्याची बर्फातली मासळी त्यातून नाशिकला जायची. घाटातून गाडी न्यायचा सुदेश ड्रायव्हर.

यंदाही तानाजीने ट्रक मानपाड्याला देवेश पेंटरकडे आणला. सोबत नामा होता. गाडी पुन्हा माल भरायला कधी लागेल, एवढंच त्याला विचारायचं होतं.

"उद्या पासिंग आहे. संध्याकाळपर्यंत काळा मारून दे," तानाजी म्हणाला.

"शेठ, खाली पापुद्रे सुटलेत. आधी घासायला लागेल."

"मागच्या वर्षी पण हेच बोललेलास. चालली ना गाडी?"

नामाने वाकून पाहिलं. देवेशची हातोडी घेऊन तो चासी ठोकत गेला. सगळीकडे खणखणीत वाजलं. मागच्या आडव्या पट्टीवर मात्र हातोडीचं टोक सरळ आत गेलं.

"माज्याच मासलीच्या खाऱ्या पान्यानं खाल्लंय ते," नामा म्हणाला. "आमी खाडीतून होरी वर काढली का पयले खरवरताव, गोड्या पान्यानं धुताव, सुकवताव. मंग रंग. घान ठेवून वरून रंग कोन मारतं?"

"नामादादा, पासिंग होऊ दे, मग बघू. चालतंय तोवर चालू दे."

"रखमाबाईच्या वक्ताला पन तू हेच बोललास."

रखमाबाई तानाजीची बायको. दोन वर्षांपूर्वी गेली. आठ महिने ती पोटात दुखतंय म्हणत होती. घरचं सगळं करत होती, म्हणून ती बरी आहे असं तानाजीने धरलं. डॉक्टरकडे नेलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तानाजीने केबिनमध्ये बसलेल्या सुदेशला हाक मारली.

"घाट उतरताना गाडी कशी वाटते रे?"

"डावीकडे खेचते, मालक. दोनदा सांगितलेलं. तुम्ही बोललात, टायर बदलू."

"मग चालवलीस कशाला?"

"मी सोडली असती तर दुसऱ्याला बसवला असतात. तो पण कोणाच्या तरी घरचाच ना."

तानाजीने पासिंगची तारीख पुढे ढकलली. देवेशने ग्राइंडर लावला. वर्षावर्षाचे काळे थर उतरले तेव्हा डाव्या चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्याजवळ वीतभर चीर दिसली. सुदेशने तीत बोट घालून पाहिलं आणि हात पुसला.

सडलेली पट्टी बदलली, चिरीला जोड दिला. मीठ धुऊन चासी कोरडी केली. मग गंजरोधक प्रायमरचे दोन हात, त्यावर जाड रंग, आणि ब्रश पोचत नाही तिथे आतून मेणाचा फवारा. सहा दिवस गाडी उभी राहिली. नामाने मासळी दुसऱ्या ट्रकने धाडली आणि त्या ट्रकवाल्याला रोज शिव्या घातल्या.

सातव्या दिवशी सुदेश घाट उतरून आला. "सरळ चालते," एवढंच म्हणाला.

मंडळी, वरवरचा काळा रंग तपासणाऱ्यासाठी असतो. गंज काढून लावलेला प्रायमर चालवणाऱ्यासाठी असतो. आपली गाडी दुसऱ्याचा मुलगा चालवत असेल, तर रंगाचा डबा उघडण्याआधी खाली वाकून हातोडी मारून बघा. आणि कोणी दुखतंय म्हणालं, तर त्याच दिवशी ऐका.