ऐनवेळचा विषय

राजशेखरअप्पांनी वाटीतल्या वरणात बोट बुडवून चाखलं.

"मीठ कमी हाय, बाई."

अधीक्षिका रुद्राणीबाईंनी मान डोलावली. लातूरच्या या मुलींच्या वसतिगृहात संस्थेच्या अध्यक्षांना विचारल्याशिवाय वरणात मीठ पडत नव्हतं, भिंतीत खिळा शिरत नव्हता. मागल्या बैठकीत विश्वस्तांची दुपार चादरींच्या रंगात गेली. आजची झाडण्यात: हिराचा खराटा घ्यावा की शिंदीची केरसुणी?

"खराटाच घ्या," विश्वस्त अमृतराव म्हणाले. "आमच्या घरी बघायलो ना, केरसुणी लई झडते."

खराटा मंजूर झाला. अप्पा उठता उठता म्हणाले,

"आता अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचा विषय. जूनपासून इमारत मेडिकलच्या क्लासवाल्यांना. त्यांच्या मुली ऱ्हातील इथं. किनवटपासून यायल्यात."

अध्यक्ष तेच, परवानगीही त्यांचीच.

जलीलभाईंचा कप बशीवर वाजला. "अप्पा, हा ऐनवेळचा विषय हाय व्हय?"

"चहा निवायलाय, जलीलभाई."

जलीलभाईंनी चहा प्यायला.

रुद्राणीबाई उभ्याच होत्या. भूकंपाच्या रात्री भुईनं इथल्या पोरींची आई नेली, बाप नेला, दार नेलं, उंबरा नेला. पाठ टेकायला मागं एवढीच भुई ठेवली.

"अन् आपल्या पोरी? त्या कुठं जातील, अप्पा?"

अप्पांनी चपलेत पाय सरकवले.

"ते तुमी बघा, बाई. विश्वस्तांनी धोरण ठरवावं, कारभार तुमचा. रोजच्या कामात आमी कशाला नाक खुपसावं?"

बाई बाहेर आल्या. झोपायच्या खोलीत क्लासचे सर आधीच टेप घेऊन मापं काढत होते. टेपचं दुसरं टोक दहावीतल्या अंबिकानं भिंतीशी धरलेलं.

"पुढं काय करणार गं?" सरांनी विचारलं.

"डॉक्टर व्हनार, सर."

"मग आमच्याच क्लासला ये. राहायची सोय इथंच करतोय."

अंबिका हरखली. "ऐकलंत का, बाई? इथंच ऱ्हायचं म्हणे! खिडकीपाशी माझी खाट, सांगून ठिवा सरांना."

"दे इकडं. जा, अभ्यासाला बस."

रुद्राणीबाईंनी तिच्या हातातलं टोक घेतलं.

"जरा ताणून धरा, मॅडम," सर म्हणाले.

बाईंनी ताणून धरलं.