टाकलेली न्हाई

पोलीस ॲक्शनच्या बारा-तेरा वर्षं आधी, निजामाच्या राज्यात, मी जालन्यात मुलींच्या शाळेत सातवीला होते. वर्गात आम्ही अकरा जणी. इतिहास-भूगोल उर्दूतून, बाकीचं मराठीतून. बसायला लांब सतरंज्या.

पोळा झाल्यावर बायना आली. घनसावंगीकडच्या एका गावची, धनगराची पोर. जालन्यातच मस्तगडात तिची मावशी आशाबाई राहायची, तिच्याकडे राहून ती शिकणार होती. आमच्याहून दोनेक वर्षांनी मोठी, उंच, आणि उजवं मनगट जरा वाकडं. टाक ती अंगठा आणि मधल्या बोटात धरायची, तरी अक्षर आम्हा सगळ्यांत सुरेख. मनगटाचं कुणी विचारलं तर म्हणायची, "शेळ्यांना पाला तोडून राह्यलते, बाभळीवरनं पडले." तिला माझ्या शेजारी बसवलं.

वर्गात चलती होती ती उषाची. तिच्या घरी तीन गावची जमीन. उषानं वेणी पुढं टाकली की आम्ही सगळ्या पुढं टाकायचो. ती हसली की हसायचो, कशाला ते न कळताही. माझे वडील कापसाच्या जिनिंगात कारकून. उषानं माझ्याकडे कधी धड बघितलं नव्हतं, आणि तिनं बघावं म्हणून मी काहीही केलं असतं. केलंही.

एकदा विहिरीवर पाय धुताना बायनाच्या पायाकडे माझं लक्ष गेलं. दोन्ही पायांच्या बोटांवर गोल, फिकट खुणा होत्या.

"जोडवी होती का गं?" मी विचारलं.

तिनं इकडंतिकडं बघितलं. "लग्न झाल्तं. पाचव्या वर्षी. बाराव्या वर्षी नांदायला गेल्ते. त्यानं हात मोडला. दुसरा मोडायच्या आत मी चालत माहेरी आले. बापानं पंच बसवले. पंचांनी विचारलं, पोरी, तुला काय पाहिजे? मी म्हणलं, काडी मोडा. मोडली."

"आणि तो?"

"हाय राजूरकडं. त्यानं दुसरी केली." मग ती हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नको, पुष्पे. मावशीनं बजावलंय."

मी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

ती चार दिवस टिकली. मधल्या सुट्टीत उषानं मला हाक मारून जवळ बसवलं आणि आपल्या हातातला अर्धा पेरू दिला. "तुझ्या शेजारची ती उंच पोर बोलत का नाही गं कुणाशी?" एवढंच तिनं विचारलं. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. असं याआधी कधी झालं नव्हतं.

"तिचं लग्न झाल्तं," मी म्हणाले. "आता मोडलंय."

उषानं माझ्या खांद्यावर हात टाकला.

शनिवारपर्यंत त्याचं झालं, नवऱ्यानं टाकली. सोमवारी, चोरी करताना धरली म्हणून हात मोडला. आशाबाईचं तान्हं पोर संध्याकाळी बायनाच्या कडेवर दिसायचं, तर पुढच्या आठवड्यात ते पोरही तिचंच झालं. ती आली की बोलणं थांबायचं. तिनं माठातलं पाणी घेतलं की उषा पेला घासायला लावायची. आणि मी त्या घोळक्यात बसून सगळ्यांबरोबर हसत होते.

दिवाळीच्या तोंडावर उषाची आई वर्गातल्या आणखी तिघींच्या आयांना घेऊन पडद्याच्या टांग्यातून शाळेत आली. टाकलेली बाई आमच्या पोरींत नको, असं त्यांचं म्हणणं. शाळेच्या मोठ्या बाई अमीना बेगम हैदराबादच्या, कडक. त्यांनी बायनाला निरोप दिला, उद्या मावशीला घेऊन ये आणि काय खरं ते सांग.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर आमच्या मराठीच्या दुर्गाबाईंनी तिला व्हरांड्यात थांबवलं. मी त्यांच्या वह्या घेऊन मागं उभी होते. दुर्गाबाई अकराव्या वर्षी विधवा झालेल्या, पांढऱ्या लुगड्यातल्या. बायनावर त्यांचा जीव होता.

"उद्या सांग की नवरा वारला," त्या म्हणाल्या. "मी साक्ष देते. विधवा म्हटलं की लोक गप्प बसतात. पुढं शिक्षिकांच्या ट्रेनिंगच्या वर्गातही तुला घेतील."

"पण तो जिता हाय, बाई."

"राजूरला कोण जातंय बघायला?"

"मंग रोज सकाळी त्याला मारायचं आन् शाळेत यायचं?"

"तुझ्या भल्याचं सांगते. मला बघ. मला कुणी कधी काही बोललं?"

बायना म्हणाली, "तुमचं विधवापण खरं हाय, बाई. माझं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंच्या खोलीत उषाची आई आणि त्या तिघी खुर्च्यांवर बसल्या होत्या. आशाबाई पोर कडेवर घेऊन भिंतीला टेकून उभी. आम्ही सगळ्या दारात गर्दी करून होतो. कुणी आम्हाला हाकललं नाही.

"सच बोल, बेटी," मोठ्या बाई म्हणाल्या.

"उर्दूत सांगू का मराठीत?" बायनानं विचारलं.

"दोनों में."

बायना खुर्च्यांकडे वळली. "मी टाकलेली न्हाई. त्यानं माझा हात मोडला. मी त्याला सोडून आले. पंचांपुढं काडी मोडली ती मी म्हणलं म्हणून. चोरी केली न्हाई. बाभळीवरनं पडले म्हणत होते, तेवढं खोटं. ते आता म्हणणार न्हाई." मग ती मोठ्या बाईंकडे वळली. "मेरेकू किसीने नै छोड्या. मैं छोडी." आणि बाकीचंही सगळं तसंच, पहिल्यापासून, न अडखळता.

"आणि ते पोर?" उषाच्या आईनं विचारलं.

आशाबाई भिंत सोडून पुढं झाली. "माझं हाय," ती म्हणाली. "पाजून दाखवू का इथंच?"

कुणीतरी दारात फिस्सकन हसलं. उषाची आई उठली. "ही इथं राहिली तर आमची पोर येणार नाही."

मोठ्या बाईंनी रजिस्टर पुढं ओढलं. "तुमच्या पोरींची नावं काढायची तर अर्ज द्यावा लागतो. तुम्हाला लिहिता येत नसेल तर दुर्गाबाई लिहून देतील."

दुर्गाबाईंनी कागद घेतला. चार अर्ज त्यांनी लिहिले. बायना धरून वर्गात आम्ही आठ उरलो.

दुपारी मी बायनाला विहिरीपाशी गाठलं. "मी सांगितलं होतं उषाला."

"म्हाईत हाय. तुझ्याबिगर कुणाला म्हाईतच नव्हतं."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस मला?"

"काय बोलू? तू अर्धंच सांगितलंस. सांगायचंच होतं तर पुरतं सांगायचं. मोडलंय म्हणालीस. कुणी मोडलं ते न्हाई म्हणालीस." ती कळशी घेऊन निघून गेली.

संध्याकाळपर्यंत गोष्ट आमच्या घरी पोचली होती. "उद्यापासून जागा बदलून घे," आई म्हणाली. "त्या टाकलेलीशेजारी बसायचं नाही."

"ती टाकलेली न्हाई," मी म्हणाले, आणि आईला सगळं सांगितलं. हात, चालत येणं, पंच, काडी. माझा अर्धा पेरूही सांगितला. आईनं एक थोबाडीत दिली. मी म्हणाले, "मी तिथंच बसणार." दुसरी बसली. मग वडील म्हणाले, बसू दे.

दुसऱ्या दिवशी जाऊन बसले. बायना सरकली नाही. सतरंजीच्या उरलेल्या कडेवर मी अर्धी, अर्धी फरशीवर. ती माझ्याशी बोलत नव्हती. दिवाळी गेली, थंडी पडली, फरशी गार लागायची. उषाच्या घोळक्यातल्या दोघी जणी शाळेत परत आल्या आणि मला विचारू लागल्या, "खरं काय गं ते?" मी दर वेळी पुरतं सांगितलं, बायनाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तिनं मान वर केली नाही.

संक्रांतीच्या आधी एकदा शुद्धलेखन चालू होतं. बायनाचा टाक मधेच थांबला.

"सरक की जराशी," ती म्हणाली. "कोपर लागायलंय."

मी सरकले, पण उठले नाही.