होता तसा पट

वाचनालयाच्या दालनात दर रविवारी संध्याकाळी पट मांडले जात, आणि महिन्याकाठी एखादा उधळलाही जाई. हरणं कुणालाच गोड लागत नाही. पण चांगली शहाणीसुरती माणसं ल्युडोच्या एका सोंगटीवरून हमरीतुमरीवर येतात, हे ग्रंथपालबाईंनी इथे येईपर्यंत पाहिलं नव्हतं. समजुती घालून घालून घसा बसला, तेव्हा त्यांनी नियमच करून टाकला. पट उधळणाऱ्याने तो होता तसा पुन्हा मांडायचा, डाव पुरा करायचा आणि पुढचे दोन रविवार घरी बसायचं. मान्य नसेल त्याला दार कायमचं बंद.

हा नियम एक दिवस आपल्याच वडिलांवर येऊन आदळेल, हे मात्र त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

बाबा घड्याळजी. इवल्याशा चाकांपुढे तासन्‌तास बसणारा माणूस, पण डाव हातचा जायला लागला की त्यांचं डोकं सटकलंच म्हणून समजा. त्या रविवारी बुद्धिबळात त्यांच्यासमोर एक नर्स बसली होती. नवीनच येऊ लागलेली. सगळे तिला सिस्टर म्हणत. बाबांनी आपली चाल केली, क्षणभर पटाकडे पाहिलं आणि हाताच्या एका फटकाऱ्यात सगळे मोहरे जमिनीवर उडवले. इथे धड उजेड नाही, खुर्च्या डगमगतात, असल्या ठिकाणी माणसाने खेळावं तरी कसं, असं बरंच काही ते गरजले.

एवढं चिडायला झालं काय, ते कुणालाच कळेना. सिस्टर तर एका हत्तीने मागे होती. बाई मात्र पाठीमागेच उभ्या होत्या, आणि त्यांनी पाहिलं होतं. सिस्टरचा घोडा अशा घरात होता की एका उडीत राजाला शह बसला असता आणि वजीरही हातचा गेला असता. सिस्टरच्या ते लक्षात आलं नव्हतं. बाबांच्या आलं होतं.

आता घरच्या माणसाला सूट मिळते का, हे पाहायला सगळ्यांच्या माना वळल्या. बाई पुढे झाल्या.

"बाबा, पट मांडा. नाहीतर पुन्हा इथे यायचं नाही."

बाबांनी डोळे वटारले. लहानपणी या नजरेने बाईंची गाळण उडायची. आज त्यांनी नजर खाली घेतली नाही.

अखेर बाबा गुडघे धरत वाकले, बाकांखालून एकेक मोहरा गोळा करून आणला आणि मांडायला बसले. प्यादी, उंट, राजा, वजीर. बोटं कुठे अडखळत नव्हती. सिस्टरने तर हातच टेकले. म्हणाली, माझंही काका, तुम्हीच लावा, मला काही आठवत नाही.

शेवटी तिचा घोडा उरला. एक घर अलीकडे ठेवला असता तरी बाई सोडल्या तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. बाबांचा हात पटावर नुसताच थांबला. हे त्यांचं त्यांनाच करू दे, असं बाईंनी ठरवलं होतं.

बाबांनी घोडा होता त्याच घरात ठेवला.

बाईंचा ऊर अभिमानाने भरून आला. बाबांना इतकी वर्षं ओळखून त्या असं कधी भरून पावल्या नव्हत्या.

सिस्टर दहा मिनिटं विचार करत बसली. बाबांनी ना बोटं वाजवली, ना घसा खाकरला. मग तिला ती उडी दिसली. तिने जवळजवळ माफी मागतच घोडा उचलला. वजीर गेला, थोड्या वेळाने बाबांनी आपला राजा स्वतःच आडवा केला आणि दातओठ न खाता म्हणाले, "छान खेळलीस, पोरी."

बाईंनी वहीत त्यांच्या नावापुढे दोन रविवारची गैरहजेरी लिहिली. बाबांनी ते वाचून मान हलवली आणि चपला चढवून निघून गेले.

दाराशी उभ्या असलेल्या एक नवख्या बाई मधल्या वेळात पुस्तकं बदलायला आत गेल्या होत्या; त्यांनी फक्त उधळलेला पट आणि ही नोंद पाहिली होती. त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, कोण हो हे भांडकुदळ गृहस्थ?

"माझे वडील," ग्रंथपालबाई म्हणाल्या. शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.