एवढं माप येत नाही

मित्रांनो, कापडदुकानाच्या काचेआड नवे कपडे घालून उभ्या असलेल्या आम्हाला तुम्ही पाहिले असेल. मी तशीच एक जुनी पुतळी. मुंबईच्या कारखान्यात कागदाच्या लगद्यापासून मला घडवले. एकाच साच्यातून आम्ही सगळ्या सारख्या निघालो, मुठीत मावेल एवढ्या कमरेच्या. पेंढ्यात गुंडाळून मी रेल्वेने कराडला आले आणि धनपालशेठच्या दुकानात उभी राहिले. तो १९७२ सालचा सुमार होता.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. बाजाराच्या दिवशी बाया काचेपाशी थांबत आणि म्हणत, "लय गोड दिसती गं!" मी सुखावे. पण मला पाहता पाहता त्या पदर ओढून घेत, पोट आत घेत. एखादी जाड बाई दुकानात शिरली, की शेठ तिचे ऐकून न घेताच सांगत, "एवढं माप येत नाही." ती बिचारी आल्या पावली परत जाई. मला चैन पडेना. काचेबाहेर धावत जावे आणि तिला थांबवावे असे वाटे. पण मी जागची कशी हलणार?

एका थंडीत वडूजकडच्या राहीबाई आपल्या लेकीला घेऊन आल्या. लेकीचे नाव हौसा. रुंद खांदे, भरलेले दंड, थोराड अंग. शाळेत गोळाफेकीत तिचा हात धरणारे कुणी नव्हते. दोन दिवसांनी सांगलीला स्पर्धा होती. परकर नेसून गोळा फेकता येणार नाही, पांढरा पंजाबी ड्रेस आण, असे तिच्या बाईंनी बजावले होते. तसाच ड्रेस माझ्या अंगावर होता.

"आवं शेठ, ह्यो दाखवा की," राहीबाई म्हणाल्या.

शेठनी हौसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "हिच्या मापाचं शिवतच नाहीत, राहीबाई. पोरीचं खाणं जरा कमी करा."

दुकानातल्या दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या. हौसाचे कान लाल झाले.

"आई, चल," ती पुटपुटली. "मला न्हाई जायाचं सांगलीला."

"का न्हाई? जायाचंच!"

मायलेकींची ओढाताण सुरू झाली. हौसाने हात सोडवून घेतला, तो तिचा धक्का मला बसला आणि मी कलंडले. आता तुकडे होणार असे वाटले, तोच हौसाने एका हाताने मला झेलले. एवढ्या अलगद मला कुणीच धरले नव्हते. तिचा तळहात माझ्या पाठीवर टेकला आणि ती चमकली.

"आई, हिकडं बघ! हिलाबी बसत न्हाई ह्यो. मागनं टाचण्या मारल्यात!"

खरेच होते ते. ड्रेस मला सैल होता, म्हणून तो पाठीमागून ओढून टाचला होता. काचेच्या कोपऱ्यात मी भिंतीला पाठ लावून उभी असे, त्यामुळे गिऱ्हाइकांना माझी पाठ कधी दिसतच नसे.

मघाशी हसलेल्या बायाही टाचण्या बघायला पुढे सरकल्या. राहीबाई शेठना म्हणाल्या, "तुमची बाहुली कापडाला बसत न्हाई, तर तुमी टाचण्या मारता. माझ्या लेकीला बसत न्हाई, तर तिलाच नावं ठेवता व्हय? पांढरं कापड फाडा. हितं तिच्या मावशीकडं मशीन हाय."

शेठनी कापड मोजून फाडले.

सांगलीहून परतताना हौसा पुन्हा दुकानात आली, मावशीने शिवलेला ड्रेस घालून. तिचा दुसरा नंबर आला होता. "शेठ, मोठी मापं ठेवा," ती म्हणाली. "माझ्यासारख्या लय जणी हायत."

शेठनी ठेवली खरी, पण खालच्या कप्प्यात. कुणी मागितले, तर इकडेतिकडे बघत, चोरीचा माल असावा तशी काढून देत. पुढे माझा रंग उडाला आणि नवी पुतळी आली. तीही तशीच बारीक! मी माळ्यावर गेले. पण जीव अजून थाऱ्यावर नाही. खालून एखाद्या मुलीचा आवाज येतो, "जरा मोठं माप हाय का?" ती इतके हळू विचारते, की मला इथे कानोसा घ्यावा लागतो.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी दुकान थाटले, तर मोठ्या मापाचे कपडेही दर्शनी काचेत लावा. आणि तुमची बहीण, मैत्रीण कपडे घ्यायला निघाली, तर तिला सांगा, की माप मोठ्याने सांग.