आबांची दरखास्त

कर्नल महारुद्र गिराम निवृत्त होऊन पेडगावला परतला, त्याला आता वर्ष होत आलं होतं. बरोबरीच्या अधिकाऱ्यांनी पुण्यात फ्लॅट घेतले, कंपन्यांत नोकऱ्या धरल्या. त्याने नाही धरली. फौजेत होता तेव्हाही त्याचा अर्धा जीव घरातच असायचा. कुटुंब नेता यायचं तिथे त्याने बायकोला, सविताला, आणि लेकीला, श्रद्धाला, सोबत नेलं. जिथे नेता यायचं नाही तिथून रोज संध्याकाळी फोन. बर्फात उभं राहून त्याने श्रद्धाला फोनवर बीजगणित शिकवलं होतं. आता श्रद्धा बंगळुरूला नोकरीला लागली होती आणि गावात त्याचे वडील, बन्सीधर आबा, विसरायला लागले होते. आपण जवळ राहिलो की आबा सावरतील, असं त्याला वाटलं होतं.

झालं भलतंच. एके सकाळी तो चहा घेऊन गेला, तर आबा बाजेवरून धडपडत उठले, डोक्यावरची टोपी काढून हात जोडून उभे राहिले.

"साहेब, तुमी कशाला आलात? मला बोलावणं धाडलं असतं."

"आबा, मी महारुद्र."

"हां, त्याच्यासाठीच म्हणायलो. महारुद्र गिराम, तुमच्याच पलटणीत हाय. त्याला सुट्टी द्या साहेब. त्याची माय लय बिमार हाय. सारखी दरवाज्याकडं बघायलीय. गरिबाची एवढी दरखास्त मंजूर करा."

महारुद्रने हातातला कप खाली ठेवला. त्याची आई, चतुराबाई, जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

त्याने आतून आपला वर्दीतला जुना फोटो आणून दाखवला. आबांचा चेहरा उजळला. "हाच की माझा पोरगा! बघा, वळखता न्हवं तुमी त्याला?"

मग हे रोजचंच झालं. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "वाद घालू नका. ते ज्या काळात आहेत तिथे तुम्हीच जा." पण तिथे जायचं कसं, हे काही महारुद्रला कळेना. उभ्या आयुष्यात त्याने मोठमोठे निर्णय जागच्या जागी घेतले होते. इथे बापासमोर उभं राहिलं की आपण कोण, मुलगा की साहेब, हेच ठरेना.

एकदा मात्र आबा त्याच्या पायावर डोकं ठेवायला वाकले. त्याने झटकन त्यांना वर धरलं आणि काय बोलतोय हे कळायच्या आत बोलून गेला, "मंजूर. सुट्टी मंजूर."

आबांनी उपरण्याने डोळे पुसले. "कवा येईल?"

"उद्या. पाथरीच्या एसटीनं."

सविता दारातून ऐकत होती. तो आत आल्यावर म्हणाली, "आता काय करणार?"

"मला माहीत नाही गं."

"सुट्टी तुमीच दिलीत. आता यावं बी तुमालाच लागंल."

दुसऱ्या दिवशी तो खरोखरच परभणीला गेला आणि खांद्यावर बॅग अडकवून पाथरीच्या एसटीत बसला. स्वतःच्याच घरी पाहुण्यासारखं जाताना त्याला हसू येत होतं. खिडकीबाहेर कापसाची रानं मागे पडत होती. आई आजारी होती तेव्हा आपल्याला रजा मिळाली नाही, वरच्या साहेबांनी नाकारली, असं तो आजवर सगळ्यांना सांगत आला होता. आज त्याने तो प्रसंग आठवून पाहिला. साहेबांचा चेहरा येईना. काय बोलणं झालं तेही येईना. आपण विचारायला गेलो होतो का? की हाताखालच्या जवानांच्या रजा अडकल्यात, आपण कशी मागावी, म्हणून गेलोच नाही? दोन्ही खरं वाटत होतं. तो घरी पोचला तेव्हा आईचा दहावा होऊन गेला होता, एवढंच पक्कं आठवत होतं.

पेडगावच्या फाट्यावर, ठरल्याप्रमाणे, चुलतभाऊ दत्तराव आबांना धरून उभा होता. महारुद्र पायरीवरून उतरला आणि आबा ओरडलेच, "आला! माझा महारुद्र आला!"

कित्येक महिन्यांत बापाच्या तोंडून त्याने आपल्या नावाने हाक ऐकली नव्हती. भर रस्त्यात त्याने आबांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"किती वाळलास रे. चल बिगीनं, माय वाट बघायलीय."

आबा त्याचं मनगट ओढत घरात घेऊन गेले. आतल्या खोलीत पलंग रिकामा होता. आबांनी पलंगावरून हात फिरवला, कोपऱ्यात पाहिलं. "हितंच व्हती," ते पुटपुटले. त्यांचा चेहरा पडायला लागला.

तेवढ्यात सविता पदराला हात पुसत आत आली. आबा तिच्याकडे बघतच राहिले.

"चतुरा! उठलीस व्हय गं? बघ, कोण आलंय." मग पोराकडे वळून म्हणाले, "बघतोस काय? पाया पड मायच्या."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. सविताने मानेनेच नको म्हटलं, एक पाऊल मागेही घेतलं. पण आबा दोघांच्या तोंडाकडे पाहत होते. महारुद्र खाली वाकला. आपण कुणापुढे वाकलोय, हे त्याला सांगता आलं नसतं. सविताचा हात त्याच्या डोक्यावर आला आणि तिथेच राहिला.

"उशीर झाला, आये," तो म्हणाला.

सविताच्या डोळ्यांत पाणी आलं. "आलास न्हवं," ती कशीबशी बोलली. "हात-पाय धू. जेवून घे."

दुपारी आबा पोटभर जेवले आणि शांत झोपले. संध्याकाळी महारुद्र ओट्यावर बसला होता. आबा काठी टेकत आले, त्याला बघून टोपी काढली.

"साहेब, पोरगा येऊन गेला. माय-लेकाची भेट झाली. लय उपकार झाले तुमचे."

महारुद्रने फक्त मान हलवली. आबा आत गेल्यावर सविता शेजारी येऊन बसली. तिने हळूच विचारलं, "तवा सुट्टी मागितली व्हती न्हवं तुमी?"

"मागितली असावी," तो म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "खरं सांगू? आठवत नाही मला."

ती दिवाबत्तीला उठली.

आबांनी त्यानंतर सुट्टी कधी मागितली नाही. ते कधी त्याला साहेब म्हणतात, कधी दत्तराव, आणि एखाद्या दिवशी महारुद्रही म्हणतात. सकाळी चहा घेऊन गेल्यावर तो आधी काही बोलत नाही. आबांची हाक ऐकतो, आणि मग ओ देतो.