उदयपूर एकोणीस वेळा

“मला नाही जायचं ग्रुप टूरला,” विमलाने सांगून टाकलं आणि नवऱ्याने आणलेला फॉर्म खुशाल चहाच्या कपाखाली सारला. “सगळ्यांना एकसारख्या टोप्या घालायला लावणार, उतरलं की मोजणार, चढलं की मोजणार, आणि दहा मिनिटांत फोटो काढून परत बसमध्ये. त्यापेक्षा आपण दोघंच जाऊ. स्लीपरची तिकिटं काढू, धर्मशाळेत राहू, पाय दुखले की बसू. घाई कोणाला आहे?”

“अगं, जुन्या स्टाफला सवलत आहे,” चंद्रप्रकाश म्हणाला. “आणि सगळं हातात मिळतं. गाईड असतो ना, तो समजावून सांगतो.”

“गाईड?” विमलाला हसूच आलं. “उदयपूरला एकोणीस वेळा जाऊन आलेला माणूस माझ्या घरात बसलाय. मला गाईड कशाला लागतोय? तुम्ही दाखवा ना!”

झालं. चंद्रप्रकाशच्या तोंडचं पाणी पळालं.

आता तुम्ही म्हणाल, बायको एवढ्या कौतुकाने बोलतेय, त्यात घाबरायचं काय? तर तेच सांगते. घाटकोपरच्या भटवाडीत चंद्रप्रकाश कांदळगावकर म्हणजे बडं प्रस्थ. वडील गिरणी कामगार. गिरणी बंद पडली तेव्हा पोरगा एका केटररकडे कांदे चिरायला लागला, आणि तिथून एका टूर कंपनीत आचारी झाला. आपल्या माणसांना परमुलखात राजवाडे बघायचे असतात, पण रात्री पानात वरणभातच लागतो. म्हणून कंपनी आपले आचारी बरोबर न्यायची. काश्मीर म्हणू नका, केरळ म्हणू नका, अठ्ठावीस वर्षं हा माणूस फिरत होता. भटवाडीतल्या बाकीच्यांची धाव सुट्टीत गावाला आणि गावाहून परत. त्यामुळे गणपतीत आरती झाली की मंडळी ह्याच्याभोवती कोंडाळं करून बसायची. “चंदूभाऊ, ताजमहाल खरंच एवढा पांढरा असतो?” आणि चंदूभाऊ असं काही रंगवून सांगायचा, की ऐकणाऱ्याने तिथल्या तिथे चपला शोधाव्यात.

फक्त एक गोष्ट कोणालाही माहीत नव्हती. ह्यातलं काहीएक चंद्रप्रकाशने पाहिलेलं नव्हतं.

खोटं वाटतं ना? पण आचाऱ्याचं काम करून बघा एकदा. पाहुणे अजून घोरत असतात तेव्हा शेगड्या पेटतात. चहा, उपमा, परत चहा. पाहुण्यांची बस राजवाड्याकडे वळली, की आचाऱ्यांचा टेम्पो पातेली-परातींसकट पुढच्या गावाला सुटायचा, कारण बस पोचायच्या आत पुऱ्या तळून तयार हव्यात. ताडपत्रीखाली, कांद्याच्या पोत्यांवर बसून त्याने अख्खा देश पाहिला, आणि तोही मागे मागे पळणारा. नवं गाव आलं की परत हॉटेलचं मागचं दार, मोरी, सिलिंडर आणि खरकट्याचं पिंप.

पहिल्या टूरवरून तो परत आला तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दहा बाय बाराच्या खोलीत विमला त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि डोळे मोठे करून म्हणाली, “सांगा ना, काय काय बघितलंत?” त्या डोळ्यांना काय सांगायचं? पोतंभर कांदे चिरले म्हणून? त्याच्या जिवावर आलं. मग वाढताना कानावर पडलेलं त्याने सांगितलं. दादरच्या एक शिक्षिका श्रीखंड वाढून घेताना शेजारणीला जे सांगत होत्या, ते शब्द त्याने जसेच्या तसे बायकोपुढे वाढले. ती खूश, हाही खूश. खोटं कसलं त्यात, प्रवासातून घरी आणलेला खाऊ होता तो, अशी त्याने मनाची समजूत घातली. पण एकदा खाऊ आणला की दर वेळी आणावा लागतो.

आणि आता ही बाई म्हणत होती, चला, प्रत्यक्ष दाखवा. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती उघडायची वेळ आली होती.

त्याने काय कमी खटपट केली? आधी गुडघे दुखायला लागले. विमलाने तेल चोळून दिलं. मग तिथली थंडी सोसायची नाही म्हणाला. तिने स्वेटर उन्हात टाकले. मग तो रोज संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसून मोबाइलवर उदयपूरचे व्हिडिओ बघायला लागला. दहावीला केला नसेल एवढा अभ्यास केला बिचाऱ्याने! पण व्हिडिओतली पोरं स्वतःचंच तोंड जास्त दाखवायची, आणि कुठली गल्ली कुठे निघते ते काही केल्या डोक्यात शिरेना.

शेवटी तो मुलुंडला भाऊरावाकडे गेला. भाऊराव त्याचा टूरवरचा जोडीदार, आता पोळी-भाजी केंद्र चालवतो.

“मला विचारतोस उदयपूर?” भाऊराव पोळी लाटता लाटता म्हणाला. “मला फक्त तिथला तुंबलेला नळ आठवतो, यार. वहिनीला खरं काय ते सांगून टाक.”

“अठ्ठावीस वर्षांनी?”

“मग ग्रुप टूरनेच ने. गाईड बोलेल, तू मान हलव.”

“ती ऐकत नाही ना!”

“मग तुझी वाट लागली,” भाऊराव म्हणाला आणि त्याने पोळी तव्यावर टाकली.

परतताना चंद्रप्रकाशला वाटलं, जावं घरी आणि सांगून मोकळं व्हावं. पण विमलाने मालवण आणि मुंबई सोडून तिसरं गाव पाहिलेलं नव्हतं. तिचं सगळं जग म्हणजे त्याच्या तोंडून ऐकलेलं. तेच फुसकं निघालं तर ती आपल्याकडे परत त्या डोळ्यांनी बघेल का? ह्या वयात बायकोच्या नजरेतून उतरायचं, ह्याचीच त्याला भीती वाटत होती.

रविवारी सकाळी दिशा वही घेऊन बसली. दिशा त्यांची मुलगी, अंधेरीला नोकरी करते, मोबाइलवर तिचा हात भराभर चालतो. “हं, आई, सांग. कुठल्या दिवशी काय बघायचं ते आधी लिहून काढू, मग तिकिटं.”

विमला मेथी निवडत बसली होती. तिने वर न बघताच सुरुवात केली. “पहिला दिवस. सकाळी राजवाडा. तिथे एक चौक आहे, भिंतीवर काचेचे मोर आहेत. दुपारी ती बाग, टाळी वाजवली की कारंजी उडतात ती. आणि संध्याकाळी वाळूची टेकडी. उंटावर बसून वर जायचं, सूर्य बुडाला की खाली यायचं. उतरताना समोर तलावात दिवे लागलेले दिसतात.”

चंद्रप्रकाश ऐकतच राहिला. ही तर त्याचीच वाक्यं होती. कितीतरी वर्षांपूर्वीची, तो स्वतः विसरून गेलेली, आणि हिने एकही शब्द सांडू दिला नव्हता.

दिशाचा अंगठा मोबाइलवर थांबला. “आई, उदयपूरला वाळूच्या टेकड्या नाहीत गं.”

“असं कसं? हे बसले होते उंटावर.”

“ते जैसलमेर. गाडीने आठ-नऊ तास लागतात तिथून. पप्पा, तुम्ही दोन गावांची मिसळ केलीत वाटतं.”

मिसळच झाली होती. राजस्थानची टूर उदयपूरला संपायची. शेवटच्या रात्री पाहुणे जिलबी खाता खाता अख्ख्या प्रवासाचं एकदमच बोलायचे, आणि जिलबी वाढणाऱ्याला कळणार कसं, की उंट कुठला आणि तलाव कुठला?

“असू दे गं,” विमला म्हणाली. “एवढ्या ठिकाणी फिरलेला माणूस, होतं कधी इकडचं तिकडे. तिथे जाऊन उभे राहिले की बरोब्बर आठवेल त्यांना.”

तिने रागाने विचारलं असतं तर त्याने वेळ मारून नेली असती. पण तिने सांभाळून घेतलं, आणि तेच त्याला सोसवेना.

“नाही आठवणार,” चंद्रप्रकाश म्हणाला. “मी उंटावर कधी बसलोच नाही. राजवाडा बघितला नाही, बाग बघितली नाही. मी मागच्या बाजूला स्वयंपाक करत होतो, विमल. तुला सांगितलं ते सगळं पाहुण्यांचं ऐकलेलं. एकोणीस वेळा गेलो आणि काही म्हणजे काही बघितलं नाही.”

दिशा आईकडे बघायला लागली. विमलाने हातातली जुडी खाली ठेवली. मग तिने जे विचारलं, ते त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

“दिशा चार वर्षांची होती. कावीळ झाली होती तिला. आठ दिवस हॉस्पिटलात तिच्या खाटेखाली सतरंजी टाकून झोपले मी. तुम्ही उदयपूरला होतात. परत आल्यावर मला होडीचं सांगितलंत. पौर्णिमा होती म्हणालात, तलाव दुधासारखा दिसत होता म्हणालात. बसला होतात त्या होडीत?”

“नाही.”

“मग काय करत होतात?”

“निरोप मिळाला तसा शेजाऱ्यांकडे तीनदा फोन लावला. लागलाच नाही. मॅनेजरच्या पाया पडलो, मला सोडा म्हणून. तो म्हणाला, चाळीस माणसं उपाशी ठेवू काय? मग मागच्या दारात बसून मटार सोलत होतो. रडत होतो गं. आमटीत दोनदा मीठ पडलं माझ्या हातून.”

“मग हे का नाही सांगितलंत?”

“तू आधीच एवढी दमलेली. म्हटलं, हिला जरा काहीतरी चांगलं…”

“चांगलं?” विमला ताडकन उठली. संतापली की तिच्या तोंडी गावची बोली यायची. “माका खुळी समाजलात? पोर पिवळी पडली होती, आणि नवरा चांदण्यात होडीतून फिरत होता, ह्यात मला चांगलं काय वाटणार होतं? तेवीस वर्षं मी त्या होडीला शिव्या घातल्यात. पाणी भरताना, भांडी घासताना, रोज. रोज तुम्हाला त्या होडीसकट बुडवत होते मी. आणि तुम्ही मटार सोलत होतात!”

आणि ती रडायला लागली, लहान मुलासारखी, तोंड न झाकता.

खाऊ, खाऊ म्हणून चंद्रप्रकाश जे आणत होता, ते तिने गोड मानून घेतलं, पण त्याच्यावर ती जळतही होती. तिच्या त्या मोठ्या डोळ्यांत कौतुक किती आणि दुखणं किती, हे त्याने कधी नीट बघितलंच नव्हतं. देश सोडा, समोर बसलेली बायकोसुद्धा त्याने धड पाहिली नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली.

विमलाने मोरीत जाऊन तोंड धुतलं. पदराला पुसत बाहेर आली तेव्हा तो हळूच म्हणाला, “जायचं रद्द करूया का?”

“गप्प बसा.” ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली. “आता सांगा. ऐकलेलं नको. स्वतःच्या डोळ्यांनी उदयपुरात काय बघितलंत?”

एरवी घडाघडा बोलणारा माणूस, पण खरं सांगायची सवयच नव्हती, शब्द जुळेनात. “हॉटेलच्या मागे एक गल्ली आहे,” तो म्हणाला. “अरुंद. एक कडुलिंब आहे, त्याच्या खाली आम्ही शेगड्या लावायचो. समोर एक घर होतं, कपडे रंगवायचे ते लोक. ओली लुगडी दोरीवर टाकलेली असायची. त्यांची म्हातारी पहाटे लोटा घेऊन गरम पाणी न्यायला यायची. मला ओळखायला लागली होती. दर खेपेला विचारायची, घरवाली को नहीं लाया? मी म्हणायचो, अगली बार.” तो थांबला. “गल्लीच्या टोकाला भिंत होती. तलाव त्या भिंतीच्या पलीकडेच होता, म्हणे. पाण्याचा आवाज यायचा. पंचवीस पावलं असतील नसतील. जायला कधी जमलं नाही.”

“म्हातारी आहे अजून?”

“काय माहीत. गल्ली तरी आहे की नाही, कोण जाणे.”

विमलाने वहीवर बोट ठेवलं. “दिशा, पहिला दिवस खोड. राजवाडा नंतर. आधी हॉटेलच्या मागची ती गल्ली लिही.”

“आई, अगं, तिथे बघण्यासारखं काय आहे? कुठलीच टूर तिथे नेत नाही.”

“नाहीच नेणार,” विमला म्हणाली. “म्हणून तर आपलं आपण जायचं. माझा नवरा एवढी वर्षं कुठे होता, ते मला बघायचंय.”